कासीम पिंजारी, फरार

आसेवाडी, ता. सेलू
२२ ऑगस्ट २०२३

दिनकर,

‘चिरंजीव’ लिहायला पेन टेकवलं आणि मलाच हसू आलं. एकाहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे बदलून घेतलेल्या माणसाला चिरंजीव काय म्हणायचं! आशीर्वाद मात्र घे, त्याला वय लागत नाही.

अकरा वर्षं झाली. आईच्या दहाव्याला तू ताटावरून उठलास, तो पुन्हा या घरात जेवायला बसला नाहीस. मी म्हटलं होतं, ‘आप्पा आयुष्यभर एक खोटं सांगत आले.’ तू म्हणालास, ‘बापाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.’ झालं, दोघांनीही तोंडं शिवली. आता मोठी मी आहे, म्हणून पहिलं पत्र माझं. फोन का केला नाही म्हणशील. कानात यंत्र घालूनही फोनवर मला माणसाचा नुसता राग ऐकू येतो, शब्द येत नाहीत.

आता काम सांगते. काल नागपंचमी. सरपंच माणिकराव नकाशा घेऊन आला. म्हणाला, “आक्काबाई, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची कमान मंजूर झाली बघा. आप्पांचं नाव देयलोत. तुमच्या दारासमूरच उभी करायची, दिनकरकाकांनीच जागा सांगितली.” सतरा सप्टेंबरला तुझ्या हातून भूमिपूजन, तू आप्पांवर लिहिलेल्या पुस्तिकेचं प्रकाशन, आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून पायाचे खड्डे.

आप्पांचं नाव कमानीवर यावं, मला आनंदच आहे. निजामाच्या राज्यात घरदार सोडून चौदा महिने सरहद्दीवरच्या कॅम्पात राहणं सोपं नव्हतं. थोरल्या भावाला रझाकारांनी मारलं, तेही त्यांनी सोसलं. माझं म्हणणं एवढंच की जागा बदल. शाळेपाशी मोकळं मैदान आहे. आपल्या दारापुढे रस्ता अरुंद, कापसाच्या गाड्या अडतील. शिवाय तिथून नळाची लाईन गेलीये. लिंबाच्या मुळ्या पार रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्यात.

पंचमीवरून आठवलं. झरीच्या बानूबीला काल चोळीचं कापड पाठवलं. कासीम पिंजाऱ्याची लेक. तिचे आईबाप पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत हैदराबादला निघून गेले असं आपल्याकडे सांगतात, तेव्हापासून दर पंचमीला ती माहेर म्हणून आपल्याकडेच यायची. तुला खांद्यावर घेऊन झोक्यावर बसायची, हे तुला आठवणार नाही. आता एक्याण्णव वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, येणं जमत नाही.

जागेचं तेवढं बघ. ऑगस्ट संपत आला तरी पावसाचा थेंब नाही, सोयाबीन माना टाकतंय. बाकी ठीक.

आक्का

*

आसेवाडी
३० ऑगस्ट, राखीपौर्णिमा

दिनकर,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. ‘आप्पांची कमान आप्पांच्या घरासमोर नाही तर कुठे? जागा ठरली आहे. दिलेली कारणं पटणारी नाहीत.’ सरकारी खात्यात पस्तीस वर्षं काढलीस ती वाया गेली नाहीत.

खरंच पटणारी नव्हती. सेलूच्या मुलींच्या शाळेत मी बत्तीस वर्षं गृहपाठ न केल्याची कारणं ऐकली, माझी त्याच माळेतली होती. राजेश्रीने पत्र टाकायच्या आधी वाचलं आणि म्हणाली, “आक्काबाई, नळाची लाईन तर मागच्या बोळीतून गेलीय. दिनकरकाकाला काय ठाव न्हाई व्हय?” ही आपल्या भाऊबंदांतली सून, सकाळ-संध्याकाळ माझी भाकरी टाकते. तिला खोटं कळतं. मीही बाहेरगावच्या माणसाला फसवता येईल असं धरून चालले होते.

तर खरं कारण. माणिकरावाने नकाशावर जिथे फुली मारलीय, त्या जागी जमिनीखाली पेव आहे.

तुझ्या नातवांना पेव म्हणजे काय ते सांगावं लागेल. पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या मातीत, खोल खोदलेला खड्डा. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि पोट मोठं. आत कडब्याचा थर देऊन ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून चिखलाने लिंपायची. आपल्या दारापुढे तीन पेवं होती. दोन तू लहान असताना उघडी होती, त्यांत तू चेंडू पाडायचास. तिसरं तू कधी पाहिलं नाहीस. तुझ्या जन्माआधीच ते मातीने भरून टाकलं होतं, आणि त्यावर आप्पांनी कुणाला गाडी सोडू दिली नाही की बैल बांधू दिला नाही. तू विचारलंस तर म्हणायचे, जमीन पोकळ आहे, खचेल.

तू लिहिशील, पेव असेल तर काँक्रीट घालून भरून घेऊ, त्यात काय. म्हणून आजच सांगून टाकते. ते रिकामं नाही. त्यात माणसं आहेत, दोन.

आज एवढंच लिहवतं. राखी सोबत पाठवलीये. बांधायची तर बांध, नाहीतर कुठेतरी ठेव.

आक्का

*

आसेवाडी
६ सप्टेंबर

दिनू,

‘कोण माणसं?’ एवढाच प्रश्न आणि खाली सही. मला बरं वाटलं. विचारलंस तरी.

कासीमचाचा आणि हलीमाचाची. बानूबीचे आईबाप.

तुझा जन्म बावन्नचा. तुला ही गोष्ट आप्पांनी सांगितली तशी मिळाली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि घरात होते. सगळंच आठवतं असा दावा नाही करत. पण जे आठवतं ते पंच्याहत्तर वर्षांत जागचं हललेलं नाही.

कासीमचाचा खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव कापूस पिंजत, गाद्या भरत फिरायचा. रझाकारांची टोळी आपल्या भागात शिरली तेव्हा त्यांनी त्याला वाटाड्या म्हणून धरलं. मुसलमान आहेस, वाटा माहीत आहेत, चल. तो चालला. लोकांनी त्याला टोळीच्या पुढे चालताना पाहिलं. आपल्या घरावर ते आले तेव्हाही पुढे तोच होता, आणि त्या दिवशी आपले मुंजाजीकाका मारले गेले. अंगणात, सगळ्यांदेखत. ते विसर असं मी तुला कधीही म्हणणार नाही. मीही विसरले नाही.

पण आदल्या दिवशी तिन्हीसांजेला कासीमचाचा मागच्या दाराने आला होता. आईला म्हणाला, “भाबी, कल उनो आरे. बच्ची कू लेको निकल जाव.” आई मला घेऊन दुधना नदीपलीकडे मामांकडे गेली, म्हणून आम्ही वाचलो. मुंजाजीकाका म्हणाले, “म्या माझं घर सोडून पळणार न्हाई,” आणि राहिले.

तिकडे कॅम्पात आप्पांना निरोप पोचला तो अर्धाच. भाऊ मारला, टोळीपुढे कासीम होता. कॅम्पात गावोगावच्या रझाकारांच्या याद्या तयार होत होत्या, आपल्या गावची आप्पांनी लिहिली. अकरा नावं. सातवं कासीम पिंजारी. भाऊ गेलेल्या माणसाने आणखी काय लिहिलं असतं?

सप्टेंबरात फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आप्पा घरी आले. आईने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पहिली गोष्ट सांगितली ती कासीमचाचाची. यादी तोवर मिलिटरीच्या हाती गेली होती.

मग तीन दिवस असे गेले की गावाला कुणी धनीच नव्हता. फौज पुढे गेलेली, जुने अंमलदार पळालेले, नवे यायचे होते. शेजारच्या गावांतून जमाव आला आणि आपल्या गावचे त्यात मिसळले. मशिदीजवळची घरं पेटवली. नदीकाठी पाच माणसं मारली. त्यांत रझाकार एकही नव्हता, ते केव्हाच पसार झाले होते. मारणारे कोण ते मला माहीत आहे. त्यांचे नातू मला रस्त्यात रामराम घालतात, मीही घालते.

त्या संध्याकाळी आप्पांनी कासीमचाचा-चाचीला घरात घेतलं. घरात लपवण्यात अर्थ नव्हता, जमाव घरं धुंडाळत होता. समोरचं तिसरं पेव रिकामं होतं. आप्पांनी दोघांना त्यात उतरवलं, आईने भाकरी आणि पाण्याची चरवी दिली. शिळेला वीतभर फट ठेवून वर कडबा टाकला. जमाव आला तेव्हा आप्पा दारात उभे राहिले. “हितं कोणी न्हाई. आन असतं तरी माझ्या दारातून तुमाला मिळालं नसतं,” म्हणाले. आप्पांची ही हिंमत मी डोळ्यांनी पाहिलीये. माणिकरावाने तुझी पुस्तिका वाचायला दिली, तीत सगळं आहे, नेमकी हीच गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी मिलिटरीची लॉरी आली. बरोबरचा अधिकारी भला माणूस होता. त्याने जमाव हाकलला, उरलेली मुसलमान घरं शाळेत आणून बसवली आणि दाराशी पहारा ठेवला. त्या शाळेत गेलेल्यांपैकी एकालाही धक्का लागला नाही. पण त्याला आपली भाषा येत नव्हती, गाव माहीत नव्हतं. कोण चोर, कोण साव हे त्याला एका कागदावरूनच ठरवायचं होतं. तो आपल्या ओट्यावर बसला, कारण आप्पा कॅम्पातले, भरवशाचे. त्याने यादी काढली आणि एकेक नाव विचारत सातव्यापाशी आला. “ये कासीम पिंजारी कहाँ है?”

दिनू, तिथे एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, हे नाव माझ्या हातून चुकून लिहिलं गेलं. एवढं बोलले असते तर चाचा-चाची शाळेत जाऊन बसले असते. पण मग त्याने विचारलं असतं, बाकीची दहा कशावरून खरी? त्या दहांत मुंजाजीकाकांना मारणारे दोघे होते. आप्पांनी आपल्याच अक्षराकडे पाहिलं आणि म्हणाले, “फरार.” साहेबाने नावापुढे पेन्सिलीने तसं लिहून घेतलं.

लॉरी दिसली तेव्हाच आप्पांनी पेवाची फट स्वतःच्या हाताने चिखलाने लिंपली होती. तासाभरात हे लोक जातील असा अंदाज होता. पण पाऊस लागला, नदीला पाणी आलं आणि सगळी तुकडी दोन दिवस आपल्याच दारापुढे राहुट्या ठोकून राहिली. पेवात जुना कडबा ओला झालेला, कुजलेला. पेवात उतरायच्या आधी दोरीला बांधून दिवा सोडतात. तो विझला तर माणसाने उतरायचं नसतं. गावातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक होतं. त्या संध्याकाळच्या घाईत कुणाला दिवा आठवला नाही. तिसऱ्या दिवशी लॉरी गेली. आप्पांनी शिळा सरकवून हाका मारल्या, मग दिवा सोडला. तो विझला.

त्याच दिवशी पेव मातीने भरलं. गावात सांगितलं, हैदराबादला गेले. सरकारी कागदही फरारच म्हणत होता, तेव्हा कुणी विचारलं नाही. फक्त बानूबी विचारत राहिली. आई तिला चोळी द्यायची आणि म्हणायची, “येतील माय.” मी त्या वेळी लहान होते, अंगणात खेळत होते.

आता बानूबीला सांगायचं ठरवलंय. तिच्या आईबापांवर कमान उभी राहायच्या आत तिला कळलं पाहिजे. तुला कळवते आहे. परवानगी मागत नाही.

आक्का

*

आसेवाडी
१२ सप्टेंबर

दिनू,

चार पानी पत्र! एवढं तर तू कॉलेजात असतानाही लिहिलं नाहीस. तुझ्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देते, नाहीतर म्हणशील आक्का सोयीचं तेवढंच वाचते.

तू म्हणतोस, आप्पांनी त्यांना वाचवायचाच प्रयत्न केला, अपघात झाला, तो गुन्हा नाही. मान्य. मी खुनी म्हटलेलंच नाही. आप्पा ज्वारीची भाकरी पुढ्यात आली की पहिला तुकडा मोडायच्या आधी क्षणभर थांबायचे. तू त्याला देवाचं स्मरण समजायचास, मीही तुला तसंच समजू दिलं. त्यांना जन्मभर जे झालं ते मी पाहिलंय.

तू म्हणतोस, मिलिटरीच्या कायद्यावर विश्वास कुणी आणि कसा ठेवायचा? यादीतलं नाव म्हणजे अटक. परभणीचा तुरुंग भरला होता, लोक वर्षवर्ष चौकशीशिवाय आत होते. कासीमला बाहेर काढलं असतं तर तोही त्यात सडला असता. हाही मुद्दा खोटा नाही, मीही पुष्कळदा यावर विचार केलाय. परक्या मुलखात चार दिवसांत घुसलेली फौज काय करणार? तिला शेजारी आणि दुश्मन यांच्यात फरक कळायला आपल्यासारख्यांचीच जीभ लागते. आणि आपली जीभ तेव्हा रागाने भरलेली होती. पण दिनू, तुरुंगातले लोक सुटून आले. यादीतले दोघे इथेच म्हातारे होऊन मेले. आणि हलीमाचाचीचं नाव तर यादीत नव्हतंच. तिला तरी काढता आलं असतं ना? नवरा फरार आणि बायको पेवात, हे कोडं साहेबाला कसं सोडवून सांगणार, म्हणून तीही राहिली.

आणि तुझा शेवटचा मुद्दा. ‘रझाकारांनी शेकडो गावं जाळली. त्याबद्दल तुला काही वाटत नाही, आणि दोन माणसांसाठी बापाची अब्रू चव्हाट्यावर आणतेस.’ हे वाचून मला राग आला, आणि तो लपवत नाही. मुंजाजीकाकांचं रक्त अंगणातून धुतलं तेव्हा पाणी मी शेंदून दिलं होतं. तू जन्मायचा होतास. त्यांचं दुःख सांगायला अख्खा जिल्हा उभा आहे, कमान आहे, पुस्तिका आहे, आणि ते असायलाच हवं. कासीमचाचाचं सांगायला एकटी मी उरलेय आणि माझं वय चौऱ्याऐंशी आहे.

परवा रविवारी झरीला जाऊन आले. राजेश्री बरोबर होती. सेलूहून रेल्वेने परभणी, तिथून एसटी. बानूबी खाटेवर बसली होती, हातात जपाची माळ. मला पाहून हसली. “नर्मदा आई क्या? पंचमी तो हो गई.”

मी तिला सगळं सांगितलं. यादी, पेव, लॉरी, फरार. तिचा नातू दाराशी उभा होता, मोटारी दुरुस्त करतो, त्याचे हात तेलाने काळे. तो ऐकता ऐकता बाहेर निघून गेला. बानूबीने माळ खाली ठेवली. तिने विचारलं, “अम्मा कू पानी था क्या?”

मी म्हटलं, “व्हतं की. चरवीभर दिलं होतं आईनं.”

“दोनो एकीच जगा पो थे?”

“एकाच.”

“उनो आवाज दिये थे क्या?”

मी म्हटलं, “न्हाई बानूबी. झोपेतच गेले आसतील.”

तिने मान हलवली आणि माझा हात धरून ठेवला. मग रडली. मी एवढं म्हातारं माणूस एवढ्या लहान मुलीसारखं रडताना पाहिलं नव्हतं. निघताना म्हणाली, उकरायचं नाही, हाडं बाहेर काढायची नाहीत. तिथे दुवा करायची आहे, आणि वर कमान नक्को. सतरा तारखेला सकाळी नातवाच्या गाडीने येते म्हणाली. मी हो म्हटलं.

भूमिपूजनाची कुदळ तुझ्या हातात असणार आहे. तुझं तू बघ.

आक्का

*

आसेवाडी
१९ सप्टेंबर

दिनू,

तू परवा इथे होतास, माझ्या हातचं जेवलास, तरी पत्र लिहितेय. समोर बसून जमलं नाही.

आधी तुझ्याबद्दल. मला तुझं भाषण ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. पुस्तिका वाचताना एका पानावर तू थांबलास, पाणी प्यालास आणि दोन पानं एकदम उलटलीस. राजेश्रीने नंतर सांगितलं, ‘आप्पांनी दिलेल्या अचूक यादीमुळे’ एवढं वाचून तू पुढचं सोडलंस. मग माईक सोडून खाली उतरलास, आणि कुदळ घेऊन आपल्या दारापासून शाळेच्या मैदानाकडे चालत गेलास. माणिकराव मागे धावत होता, “काका, फुली हितं हाय!” तू मागे वळूनही पाहिलं नाहीस. मला वाटलं होतं त्यापेक्षा तू फार जास्त केलंस. माईकवर सगळं सांगितलं असतंस तर आणखी बरं झालं असतं, पण मला तुझा अभिमान वाटला. हे तोंडावर सांगायला हवं होतं.

बानूबीची दुवा झाली तेव्हा तू लांब लिंबाखाली उभा होतास. गावातले वीसेक लोक आले. काही घरांची दारं बंद होती, त्यांची नावं मोजायची मला गरज वाटली नाही. बानूबीला तिच्या नातवाने आणि राजेश्रीने धरून जमिनीवर बसवलं. तिने हाताने माती चाचपली. निघताना तिने माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, “तू सच बोली नर्मदा. खुदा तेरे कू सुकून दे.”

दिनू, मी खरं बोलले नाही.

तुला लिहिलं की मी अंगणात खेळत होते. मी पेवावर बसले होते. आईनेच बसवलं होतं, शिळेवर पोतं टाकून. साहेब ओट्यावर, शिपाई चारही बाजूंना. आई कानात म्हणाली होती, “हितून उठू नगंस. आन खालून कायबी आवाज आला तर कुणाला ऐकू जाऊ देऊ नगंस.”

पहिल्या दिवशी दुपारी खालून ठकठक झाली. आधी हळू, मग जोरात. मला वाटलं चाचीला पाणी हवंय. पण आईने सांगितलं होतं आणि मी ऐकणारी मुलगी होते. मी मोठ्याने पाढे म्हणायला लागले. बे एके बे. आप्पांनी शिकवलेले सगळे. साहेबाने वळून पाहिलं, त्याला गंमत वाटली. खालून ठकठक वाढली तसा मी आवाज वाढवला. सातच्या पाढ्यापर्यंत ठकठक होती. आठचा पाढा मी न अडखळता म्हटला आणि साहेब हसून “शाबाश” म्हणाला.

मला कळत नव्हतं असं म्हणून सुटता येईल. नऊ वर्षांची होते. तूही तेच म्हणशील, तुझा स्वभाव मला आता परत ओळखीचा झालाय. पण बानूबीने मला सरळ विचारलं होतं, आवाज दिले का, आणि त्या वेळी मी चौऱ्याऐंशी वर्षांची होते. आप्पांना एक वाक्य बोलता आलं नाही म्हणून मी तुझ्याशी अकरा वर्षं भांडले, चार पानांची उत्तरं लिहिली. माझी वेळ आली तेव्हा मीही ओट्यावर बसून ‘फरार’ म्हणाले. आप्पांपुढे निदान बंदुका घेतलेले शिपाई होते. माझ्यापुढे माझा हात धरून बसलेली एक म्हातारी होती.

ती समाधानाने घरी गेलीये. तिचं ते समाधान आता का मोडायचं, असं राजेश्री म्हणते. मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं. पण ती मला खरं बोलणारी म्हणून दुवा देऊन गेली, आणि ती दुवा मला पचत नाही. तिला राग आला तर येऊ दे. माहेर तोडलं तर तोडू दे, तो तिचा हक्क आहे.

राजेश्री घरच्या गणपतीत अडकली आहे, म्हणून एकटीच जाते. उद्या सकाळच्या गाडीने झरीला निघते आहे.

आक्का